घंटा वाजवणारा चौथीत बसला

शाळेत मास्तरांकडं ज्ञान साचतं, हेडमास्तरांकडं कागद साचतात आणि शिपायाकडं किस्से! कारण साधं आहे. मास्तर वर्गात असतो, त्याला फक्त स्वतःचा आवाज ऐकू येतो. शिपाई बाहेर स्टुलावर, घंटेचा हातोडा मांडीवर घेऊन, तास संपायची वाट बघत बसलेला. त्याला सगळे वर्ग एकदम ऐकू येतात. मी असा आयुष्यभर बसलो. आता एखादा किस्सा हसवायला म्हणून बाहेर काढावा, तर त्याच्या पाठोपाठ मान खाली घालायला लावणारा दुसरा येतो. गणिताचे किस्से तर बहुतेक तसलेच.

आमची शाळा नरपड आणि चिखले यांच्या मधल्या किनाऱ्यावर, सुरूच्या झाडांत. नाव सांगत नाही. तिथली पोरं आता आजोबा झालीत, उगाच काठ्या घेऊन दारात येतील.

मी गजा. पाळण्यात गजानन ठेवलं होतं, पण पूर्ण नावानं हाक मारावी असं मी काही केलं नाही. आमची सगळी वाडी होडीवाल्यांची, मासे धरणाऱ्यांची. आणि मी? होडी हलली की माझं पोट हलायचं! किनारा दिसेनासा व्हायच्या आत मी काठावर ओणवा. माझ्या बापाला हे चारचौघांत सांगायची इतकी लाज वाटायची की तो म्हणायचा, "आमच्या पोराला शाळेची आवड आहे."

आवड एवढी की चौथीचा उंबरा मी काही ओलांडला नाही. शेवटी त्याच शाळेत शिपाई म्हणून चिकटलो.

*

आमचे हेडमास्तर आप्पा मास्तर. काळी टोपी, बंद गळ्याचा कोट आणि पाढ्यांचं वेड. शाळा सुटताना सगळी पोरं अंगणात उभी करून पाढे म्हणवून घ्यायचे. पावकी, निमकी, सवायकी, दीडकी, आणि शेवटी त्यांची लाडकी औटकी, म्हणजे साडेतीनचा पाढा. सूर असा लागायचा की बाहेरून जाणाऱ्या कोळणी टोपली उतरवून ऐकत उभ्या राहायच्या. एक म्हातारी तर लांबूनच नमस्कार करून जायची. तिला वाटायचं आरती चाललीय!

मग आमच्याकडं सुमनबाई आल्या. डहाणू रोडला रेल्वेच्या चाळीत राहायच्या, वडील पॉइंट्समन. लहानखुऱ्या, सावळ्या, आणि प्रश्न विचारायची भारी खोड. पहिल्याच दिवशी त्यांनी वर्गातल्या सगळ्यात हुशार पोराला उभं केलं.

"सात चोक?"

"अठ्ठावीस!" पोरगं बंदुकीसारखं उडालं.

"शाब्बास. पण सात चोक अठ्ठावीस म्हणजे काय रे?"

पोरानं वर बघितलं, खाली बघितलं, दारातून माझ्याकडं बघितलं. मग छाती काढून म्हणालं, "म्हणजे सात पंचे पस्तीसच्या आधीचं!"

मी बाहेर इतका हसलो की हातोडा घंटेवर पडला आणि शाळा मधेच सुटली. पण पोरं घरी गेल्यावर मी एकटाच विचार करत बसलो, की सात चोक अठ्ठावीस म्हणजे खरंच काय? मलाही तेवढंच माहीत होतं. त्याच्या पुढचं पस्तीस!

*

त्या काळात शून्याला आमच्याकडं पूज्य म्हणायचे. एकावर पूज्य दहा. बाईंनी पूज्य शिकवायला एक टोपली आणली. टोपलीत चिकू ठेवले, ते पोरांना एकेक करून खायला दिले आणि रिकामी टोपली उलटी करून दाखवली. "आता टोपलीत किती?"

"काही नाही!"

"याला म्हणायचं पूज्य."

चिकूंमुळं हा धडा कुणी विसरलं नाही. घोटाळा झाला तो झेंडावंदनाला. गावचे एक पुढारी पाहुणे. आप्पा मास्तरांनी कोट झटकून भाषण सुरू केलं, "आज आपल्याला लाभलेले परमपूज्य पाहुणे..."

पुढच्या रांगेत एक चिमुरडी शेजारणीला मोठ्यानं म्हणाली, "पूज्य म्हणजे काही नाही ना गं?"

"हो."

"मग परमपूज्य?"

शेजारीण विचार करून म्हणाली, "अजिबात काही नाही!"

पाहुण्यांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. आप्पा मास्तर भाषण विसरले. बाई पदर तोंडाला लावून भिंतीकडं तोंड करून उभ्या राहिल्या. हसत होत्या की रडत होत्या, ते मला अजून कळलेलं नाही.

*

मुंबई राज्य मोडून महाराष्ट्र आणि गुजरात झाले, तेव्हाची एक छोटीशी गंमत. आमच्या शेजारचं उंबरगाव गुजरातेत गेलं. आप्पा मास्तर दोन दिवस जेवले नाहीत म्हणे. शाळेसमोर एका गुजराती शेटचं किराणा दुकान. शेट बिचारा शांत माणूस, पण त्या सकाळी पोरं "बे एके बे, बे दुणे चार" म्हणत होती, ते ऐकून त्याला बोलायची हुक्की आली.

"मास्तरसाहेब, ए तो अमारा बे! दोनला तुमी दोन म्हणता. पाढा म्हणताना आमचा बे घेता!"

आप्पा मास्तर दुकानाच्या पायरीवर चढले. टोपी सरळ केली. म्हणाले, "शेट, उंबरगाव गेलं ते गेलं. बे मिळणार नाही!"

*

मग नवी मापं आली. शेर गेला, किलो आला. वार गेला, मीटर आला. आप्पा मास्तरांची औटकी एका झटक्यात बेकार झाली. मी चुना घेऊन शाळेच्या मागच्या भिंतीवर लिहिलं, "कै. औटकी यांचे दहावे मंगळवारी." मंगळवारी बघतो तर भिंतीखाली कुणीतरी खरंच भाताचा पिंड ठेवलेला! कावळाही आला होता. आप्पा मास्तर लांबून बघत उभे. मला वाटलं आता छडी. तर म्हणाले, "गजा, शिवला का रे?" मला हसावं की काय करावं कळेना. म्हातारा माणूस आयुष्यभर जे पाठ करत आला, ते कुणालाच नको झालं होतं. मी मुकाट्यानं भिंत धुतली.

बाई मात्र खूश. म्हणाल्या, "गजाभाऊ, मला एक मीटरची काठी करून द्या. मुलं सगळं मोजतील."

मी चांगला बांबू घेऊन काठी कापली. पोरांनी काय मोजलं नाही? अंगण मोजलं, वाळूत ओढलेली होडी मोजली, शेटचं कुत्रं मोजलं. दर महिन्याला एकमेकांची उंची मोजायची. काठी जमिनीवर आपटून आपटून टोकाला चिरायची. मी व्यवस्थित माणूस! चिरलेलं टोक दिसलं की कापून टाकायचो.

पोरं भराभर वाढायला लागली. त्या वेळी परदेशातून पिंपांत दुधाची पावडर यायची, ती पाण्यात कालवून पोरांना द्यायचं काम माझं. आया खूश! "गजाच्या हातचं दूध लागतंय पोरांना," म्हणायच्या. मला घरपोच सुके बोंबील यायला लागले. मीही लाजून घ्यायचो.

एक दिवस आप्पा मास्तरांनीही सहज काठीनं आपली उंची मोजून घेतली. चार बोटं वाढलेले! मास्तर तेव्हा निवृत्तीला आले होते. दोन दिवस ते ताठ चालत होते. तिसऱ्या दिवशी बाईंनी शिंप्याची टेप आणून काठीला लावली आणि कपाळावर हात मारला.

"गजाभाऊ, मुलं वाढली नाहीत. मीटर खंगलाय!"

नवी काठी केली. सगळ्यांना परत मोजलं. दुसऱ्या दिवशी एक आई पोराला दंडाला धरून शाळेत. "बाई, काल पोर पावसात भिजून आलं, आणि आज बघते तर एवढं कमी! भिजल्यामुळं आटलं का हो?"

*

इथपर्यंत मी बाहेरच्या स्टुलावर होतो. आता वर्गाच्या आत कसा गेलो ते ऐका.

बाईंच्या शिकवण्याची कीर्ती तालुक्याला गेली. तलासरीला शिक्षकांचं शिबिर भरलं, तिथं बाईंनी गणिताचा पाठ घेऊन दाखवायचा असं ठरलं. बाई म्हणाल्या, "गजाभाऊ, मोजायला सुंदर काहीतरी हवं. खडे नकोत. छोटे शंख आणाल?"

ओहोटीला खडकांत गेलो आणि एकाहून एक देखणे शंख पिशवीभर उचलले. एसटीनं तलासरी. कंडक्टर नाक धरून म्हणाला, "मासळी वर टपावर!" मी म्हटलं, "मासळी नाही, गणित आहे!"

वर्गात तिथली पोरं मांडी घालून बसलेली. मागं खुर्च्यांवर शिक्षक, त्यांत आमचे आप्पा मास्तरही, आणि मधोमध डेप्युटीसाहेब. डेप्युटीसाहेब म्हणजे शाळा तपासणारे मोठे अधिकारी. घाटावरचे, धोतर, चष्मा, बोलणं मोजकं. बाईंनी फरशीवर शंख मांडले.

"मोजा बरं."

"वीस!"

"आता यांतले पाच मी घेते..." असं म्हणून बाई वाकल्या, तोच एक शंख चालायला लागला.

काय झालं होतं, निम्म्या शंखांत खेकडे होते! मोकळा शंख दिसला की आत बिऱ्हाड करणारे ते बारके खेकडे. पिशवीत ते गप्प होते, फरशीवर मोकळी हवा लागल्यावर निघाले. एक आप्पा मास्तरांच्या पायाकडं, दोन दाराकडं, एक थेट साहेबांच्या धोतराकडं.

बाई घामाघूम. पण धीराची बाई! म्हणाल्या, "बरं, वीसमधून किती गेले?"

पुढं बसलेला पोरगा फरशीवर नजर ठेवून म्हणाला, "थांबा बाई, अजून चाललेत!"

सगळा वर्ग लोळला. साहेब हसले नाहीत. त्यांनी धोतर झटकलं आणि विचारलं, "हे गोळा कोणी केले?"

"मी, साहेब."

"तुम्ही शिक्षक?"

"शिपाई."

"शिक्षण?"

"चौथीपर्यंत."

साहेबांनी चष्म्यावरून बघितलं. "पर्यंत म्हणजे आतून की बाहेरून?"

"बाहेरून, साहेब."

खुर्च्यांवरचे सगळे मास्तर हसले. मग साहेबांनी नियम सांगितला. नोकरीत कायम व्हायचं तर शिपायालाही चौथी पास लागते. मार्चमध्ये परीक्षेला बसायचं, गणिताची तोंडी ते स्वतः घेणार. पास झालो तर कायम, नाहीतर माझ्या स्टुलावर दुसरा.

परतीच्या एसटीतून उतरताना बाई एवढंच म्हणाल्या, "उद्यापासून वर्गात बसा."

माझ्यापुढं दोनच वाटा होत्या. चौथी, नाहीतर होडी. आणि होडीचं तुम्हाला सांगितलंच आहे.

*

चौथीत कोण होतं? माझी मुलगी कमळी! आणि वर्गाची मॉनिटर कोण? तीच! रोज सकाळी ती हजेरी घ्यायची. सगळ्यांच्या शेवटी, आवाज बारीक करून, "गजानन?"

मी मिशीखालून म्हणायचो, "हजर."

घरी आल्यावर ती माझ्या नजरेला नजर देत नव्हती, मी तिच्या. मधे बसून माझी बायको पार्वती दोघांना भात वाढायची आणि गालात हसायची. बाजारात तिला बायका विचारायच्या, "काय गं पारू, नवऱ्याला डबा देतेस की दुधाची बाटली?"

मी मागं बसायचो, गुडघे कानापर्यंत. एक सोय मात्र होती. घंटा अजून माझ्याकडंच! गणित अडलं की मी गंभीर चेहऱ्यानं उठायचो आणि तास संपवून टाकायचो. पोरांनी मला डोक्यावर घेतलं. पण शाळा रोज ऊन डोक्यावर असतानाच सुटायला लागल्यावर आप्पा मास्तरांनी स्वतःचं घड्याळ घंटेशेजारी खिळ्याला टांगलं.

मग एकदा भर वर्गात कमळी उभी राहिली. लाल झालेली, डोळ्यांत पाणी.

"बाई, बाबा माझ्या पाटीत बघून लिहितात!"

*

बेरजेतला हातचा मला कधीच कळला नव्हता. लहानपणी आप्पा मास्तर ओरडायचे, "हातचा एक!" मी घाबरून मूठ घट्ट मिटायचो. मुठीत काय आहे ते माहीत नाही, पण मास्तरांनी दिलंय म्हणजे सांडायला नको! ती सवय तशीच राहिली. बेरीज करताना डावी मूठ आपोआप मिटायची.

एका रात्री ताटावर बसलो होतो, डोक्यात बाईंनी दिलेली बेरीज. पार्वती म्हणाली, "अहो, भाजी घ्या. मूठ उघडा."

"थांब. हातचा आहे."

"कोण आहे?"

"एक!"

तिनं माझी बोटं एकेक करून उघडली. आत बघितलं. कमळीकडं बघितलं. म्हणाली, "कमळे, उद्या बाईंना विचार, डोक्याला लावायचं काही औषध देतात का."

कमळीनं खरंच विचारलं! बाई हसल्या नाहीत. नारळाच्या झावळीचे हीर, म्हणजे पानांच्या मधल्या काड्या, घेऊन माझ्याशेजारी जमिनीवर बसल्या. "गजाभाऊ, मोजा. दहा झाल्या की दोरीनं जुडी बांधा." मी बांधली. "आता या दहा राहिल्या का?"

"नाही बाई. एक जुडी झाली."

"मग ती सुट्यांच्या घरात ठेवाल, की जुड्यांच्या?"

"जुड्यांच्या."

"हाच तुमचा हातचा."

मी त्या जुडीकडं बघतच राहिलो. एवढंच? यासाठी मी मार खाल्ला होता? एवढ्यासाठी मूठ मिटून अर्धं आयुष्य काढलं? मला एकदम रडू आलं, आणि आजूबाजूला सगळी पोरं, म्हणून मी उठलो आणि घंटा वाजवली. घड्याळात अजून पुष्कळ वेळ होता. आप्पा मास्तर बाहेर आले, माझ्या तोंडाकडं बघितलं आणि आत गेले.

*

आता तोंडी परीक्षेचं सांगतो, आणि थांबतो.

परीक्षेआधीच्या थंडीत बाईंनी भागाकार शिकवला. सुक्या बोंबलांचा ढीग वर्गात ओतला आणि चार पोरांना म्हणाल्या, "तुम्ही चौघांनी धरलेत असं समजा. सारखे वाटा."

पोरांनी पटापट सहा ढीग केले.

"अरे, माणसं चार ना? हे दोन कुणाचे?"

सगळ्या वर्गाला बाईंची कीव आली. "बाई, एक होडीचा आणि एक जाळ्याचा!"

आमच्याकडं वाटे असेच पडतात. माणसाला एक, होडीला एक, जाळ्याला एक. बाई रेल्वेच्या चाळीतल्या, त्यांना काय माहीत! पण दुसऱ्या दिवशी त्या अख्खा वर्ग घेऊन वाळूत गेल्या. तिथं धाकू तांडेल वाटे घालत होता. तांडेल म्हणजे होडीचा मुख्य. हा धाकू तांडेल माझा सासरा. माणूस कडक, दाढी मिठानं पांढरी झालेली.

बाईंनी विचारलं, "होडीला वाटा कशाला, तांडेल?"

"होडीनंच आणलं, मग होडी उपाशी कशी? उद्या फळी फुटली तर काय ठोकू, तुमचा खडू?"

बाई खळखळून हसल्या. वर्गात येऊन म्हणाल्या, "चूक माझी होती. आधी वाटेकरी किती ते विचारायचं, मग भागायचं." तांडेलाला हे कमळीनं सांगितलं. त्या दिवसापासून तो बाईंसाठी चांगली मासळी बाजूला ठेवायला लागला. मला मात्र भेटला की म्हणायचा, "जावई, चौथी नीट करा. माझ्या होडीत ओकणाऱ्याला जागा नाही."

परीक्षेच्या सकाळी बाईंनी मला कोपऱ्यात घेतलं. इकडं तिकडं बघून, खालच्या आवाजात म्हणाल्या, "गजाभाऊ, साहेब घाटावरचे आहेत. वाटणीचं गणित घातलं, तर होडी घरी ठेवायची. जाळंपण."

"बाई, पण तुम्हीच..."

"एवढा एक दिवस," त्या म्हणाल्या, आणि माझ्याकडं न बघता गेल्या.

साहेब खुर्चीवर, बाजूला आप्पा मास्तर आणि बाई. मी फळ्यासमोर, पार्वतीनं धुऊन दिलेला सदरा घालून. आणि खिडकीत? सगळी शाळा! कमळी पुढं, पार्वती टोपली खाली ठेवून, आणि मागं बिडी ओढत धाकू तांडेल. जावई कायम होतो की होडीत येतो, ते बघायला आला होता.

बेरीज विचारली, आली. वजाबाकी आली. आप्पा मास्तरांची मान प्रत्येक उत्तराला हलत होती. शेवटी साहेबांनी चष्मा काढला. पहिल्यांदाच जरा हसले. चांगला माणूस, मला सोपं जावं म्हणून म्हणाले, "आता पुस्तकातलं नको. तुमच्या घरचंच विचारतो. तुम्ही चौघांनी मिळून मासे धरले. चोवीस पापलेटं मिळाली. सारखी वाटली. एकाच्या वाट्याला किती?"

माझ्या डोळ्यांपुढं वाळूत सहा ढीग पडले. प्रत्येकात चार.

मी बाईंकडं बघितलं. बाई आपल्या पायांकडं बघत होत्या.

मी खिडकीकडं बघितलं. तांडेलानं बिडी तोंडातून काढली होती.

"सांगा! हे तर तुम्ही रोज बघता."

"सहा, साहेब."

"शाब्बास! पास."

आप्पा मास्तरांनी टाळी वाजवली. एकट्यांनीच. खिडकीतनं कमळीचा स्पष्ट आवाज आला, "आणि होडीला?"

साहेबांनी मान वळवली. "कोण ते? काय होडीला?"

"काही नाही, साहेब," मी म्हटलं. "पोर आहे कुणाचं तरी."

खिडकीतली कमळी दिसेनाशी झाली. तांडेलानं बिडी चौकटीवर विझवली आणि निघून गेला. बाई उठल्या आणि फळा पुसायला लागल्या. फळ्यावर काही लिहिलेलं नव्हतं.

रविवारी तांडेलाची होडी किनाऱ्याला लागली. वर ओढायला मी गेलो, ओढणाऱ्यालाही वाटा असतो. तांडेल, दोन मेहुणे आणि मी. होडी वाळूत घेतली, जाळं मोकळं केलं, मासळी ओतली. चांगली भरपूर होती. वाडीतली माणसं भोवती जमली, टोपल्या घेऊन बायका आल्या. पार्वतीही होती, आणि तिचा पदर धरून कमळी.

तांडेल उकिडवा बसला आणि वाटे घालायला लागला. एक, दोन, तीन, चार. आणि थांबला. परत पहिल्या ढिगावर गेला, दुसऱ्या, तिसऱ्या, चौथ्या. मासळी संपेपर्यंत चारच ढीग. धाकटा मेहुणा म्हणाला, "बा, होडीचा?"

तांडेल हात पुसत उठला. माझ्यासमोरून गेला, होडीपाशी थांबला आणि तिच्या पुढच्या टोकाला, नाळेवर थोपटत म्हणाला, "बये, तू चौथी शिकली नाहीस. तुला काही नाही."